15 वर्षं सुतारकाम केलंय, आता छंद म्हणून धातुकाम करायचंय. आधी लेथ घ्यावा की मिलिंग मशीन? जुना अनुभव शून्यच धरायचा का?

लेथ घ्या, म्हणजे तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन. मिलिंगचं (तिथे कटर फिरतो) नंतर बघू. तुमच्या प्रश्नाचं शेपूट मात्र मला झोंबलं, कारण नेमकं हेच माझा मेव्हणा मला गेली 9 वर्षं ऐकवतोय. तो टर्नर आहे, लेथवर काम करणारा कारागीर. "दाजी, लाकूडवाल्याला मिलिमीटर कळतो, शतांश कळत नाही." शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

माझ्या बँडसॉच्या पुलीला ॲल्युमिनियमचा बुश (भोकात बसवायची नळी) हवा होता, बाहेरून 50 मिमी, भोकात ठोकून बसणारा. पहिला तुकडा डायलने, म्हणजे टूल किती आत सरकलं ते दाखवणाऱ्या आकड्यांच्या चकतीने खाल्ला. टूल अर्धा मिमी आत घेतलं की व्यास एक मिमीने उतरतो, हे मला ठाऊक होतं, पण हाताला नव्हतं. (काही मशीनच्या डायलवर थेट व्यासाचे आकडे असतात. आपलं कुठलं ते आधी तपासा.) दुसरा जपून उतरवला. तुकडा चकात (लेथच्या पकडीत) असतानाच मायक्रोमीटर, म्हणजे शतांश मोजणारं साधन लावला, माप शतांशाला बरोबर. मेव्हण्याला फोटोही पाठवला. सकाळी बुश बोटाने ढकलला, तर सरळ पलीकडून बाहेर.

मापलं तेव्हा तुकडा हाताला चटका बसेल इतका तापलेला होता. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. 50 मिमीचा तुकडा, 35 अंशांचा फरक, झाले 4 शतांश. पावसाळ्यात फळी फुगणार म्हणून चौकटीत जागा सोडणारा मी, धातू हलत नाही असं धरून बसलो होतो!

तिसऱ्या वेळी आकडा बाजूला ठेवला आणि सांधा बसवतो तसा बुश बसवला. तोंडाची 3 मिमी लांबी भोकात जेमतेम शिरेल एवढी उतरवली; दर कटानंतर मशीन बंद, तुकडा गार, मग पुली लावून बघायची. मागचा भाग त्याहून 2 शतांश जाड ठेवला. लाकडी हातोडीचे चार ठोके. अजून हललेला नाही. मेव्हणा म्हणे, "ही काय पद्धत? ड्रॉइंग कुठाय?" अरे, पुली एकच आहे, तिचं भोक हेच माझं ड्रॉइंग. हजार बुश करायचे असतील तेव्हा काढू कागद. तेव्हा अनुभव शून्य धरू नका, कोणी काहीही म्हणो.

हां, काही सवयी मात्र मोडाव्या लागतील. लाकडाचा 50 मिमीचा दांडा आपण मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांनी फिरवतो. तेवढ्याच माइल्ड स्टीलला साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने 200च्या आसपास पुरे. ड्रिल करताना तुकडा हातात धरायचा नाही, ड्रिल पलीकडे निघताना अडकतं आणि तुकडा गरकन फिरतो. लेथवर हातमोजे कधीच नाहीत, चकाची चावी चकात सोडायची नाही. आणि भुशाच्या खोलीत ग्राइंडर नको. ठिणगी भुशात पडून गुपचूप धुमसत राहते. भुसा ओलही धरतो, लेथच्या बेडवर राहिला की गंज आलाच.

मिलिंगचं राहिलंच. लेथच्या क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं सरकवणारा भाग) व्हर्टिकल स्लाइड (तुकडा धरून वर-खाली सरकवणारी) बसवली की छोट्या खाचा निघतात, वर्षभर तेवढ्यात भागतं. मेव्हणा म्हणेल नाही भागत. त्याला विचारायला जाऊ नका.