जुन्या सायकलची प्रतिकृती केली, मूळ मालकांची नोटीस आली

प्रश्न : मी छंद म्हणून सायकलच्या फ्रेम बनवतो. ओळखीच्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडे शंभरहून अधिक वर्षं जुनी डर्स्ली पेडरसन सायकल आहे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘घेऊन जा, मापं घे, तुझ्यासाठी एक कर.’ बदल्यात मी तिची बेअरिंगं साफ करून द्यायची, असं ठरलं. मी प्रतिकृती केली. ती पाहून एका गृहस्थांनी दुसरीची ऑर्डर आणि अ‍ॅडव्हान्स दिला. त्यांना ती ‘जुनीच वाटावी’, तिच्यावर मूळ नाव आणि फ्रेम नंबरही हवा आहे. आता संग्राहकांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : डिझाइन माझं, काम थांबवा, निम्मे पैसे द्या. मूळ सायकल अजून माझ्याकडेच आहे आणि एकदा चालवून बघताना तिच्या झोळीची, म्हणजे दोऱ्यांनी विणलेल्या सीटची, दोरी तुटली. नोटीस मागे घेईपर्यंत सायकल देऊ नये, असं मित्र म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा. सायकल परत करा, आणि याच आठवड्यात करा. नोटिशीतल्या इतर कुठल्याही मुद्द्यापेक्षा तुम्हाला जास्त अडचणीत आणील ती ही अडवून ठेवलेली सायकल.

विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झालं की ती परत घेणं, याला करार कायदा, 1872 च्या कलम 148 मध्ये निक्षेप म्हटलं आहे. अशा वस्तूवर कष्ट घेतलेल्या माणसाला आपली मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते (कलम 170). घड्याळ दुरुस्त करणारा पैसे मिळेपर्यंत घड्याळ देत नाही, ते याच आधारावर. पण तुमची कुठली मजुरी थकली आहे? बेअरिंगं साफ करणं हा मापं घेऊ देण्याचा मोबदला होता, आणि मापं तर तुम्हाला मिळाली. नोटिशीचा राग हे सायकल अडवण्याचं कारण होत नाही. ठरलेल्या वेळी परत केली नाहीत तर त्यानंतर तिला काहीही झालं तरी जबाबदारी तुमची (कलम 161), आणि समोरचा वकील हुशार असेल तर तो फौजदारी विश्वासघाताची भाषा सुरू करील.

झोळीबद्दल : तुम्ही काळजी घेतलीत की नाही, हा वाद इथे उपयोगाचा नाही. सायकल मापं घेण्यासाठी दिली होती, चालवण्यासाठी नाही. ठरल्याबाहेर वापर केला आणि त्या वापरात नुकसान झालं, तर कलम 154 प्रमाणे भरपाई द्यावी लागते, हलगर्जीपणा असो वा नसो. कबूल करा, दुरुस्तीचा खर्च देऊ करा, पण त्यांना विचारल्याशिवाय स्वतः नवी दोरी ओवू नका. संग्राहकाच्या लेखी जुनी तुटकी दोरी नव्या धडधाकट दोरीपेक्षा मोलाची असू शकते. तुटलेला तुकडा जपून ठेवला असेल अशी आशा आहे. परत देताना प्रत्येक जोडाचे फोटो काढा आणि ‘सायकल या स्थितीत मिळाली’ अशी त्यांची सही घ्या.

आता डिझाइन. वस्तूची मालकी वेगळी आणि तिच्या रचनेवरचा हक्क वेगळा. या सायकलची कल्पना मिकेल पेडरसन या डॅनिश कारागिराची. आरामशीर सीट नाही या वैतागातून त्याने आधी दोऱ्यांची झोळी विणली आणि मग ती ताणून धरील अशी बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची फ्रेम तिच्याभोवती रचली. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावात असताना त्याने 1893 साली तिचं पेटंट घेतलं. तेव्हा ब्रिटिश पेटंटची मुदत 14 वर्षं असे. आपल्याकडे आज ती 20 वर्षं आहे, आणि मुदत संपली की शोध सगळ्यांचा. डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदलेल्या आकारालाही 10 अधिक 5 अशी जास्तीत जास्त 15 वर्षंच मिळतात. राहिला पेडरसनच्या आराखड्यांवरचा कॉपीराइट. तो 1929 साली वारला. आपल्या कायद्याने पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजा, 1989 अखेर तीही संपली. तेव्हा ‘डिझाइन माझं’ हे वाक्य खुद्द पेडरसनच्या वारसांनाही आज म्हणता येणार नाही. ज्यांनी ती सायकल विकत घेतली त्यांनी तर सोडूनच द्या. निम्मे पैसे मागायला भागीदारी लागते. ती इथे कुठे दिसत नाही.

एक खबरदारी. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कोपनहेगनमध्ये या सायकली नव्याने बनू लागल्या. त्यांतल्या एखाद्या नव्या सायकलवरून काही भाग उचलला असेल, तर तो भाग कोणाच्या तरी ताज्या डिझाइनचा असू शकतो. मापं फक्त जुन्या सायकलचीच आहेत हे दाखवणारी तुमची वही, तारखांसकट, जपून ठेवा.

मग नोटिशीत दम कशात आहे? ‘तुझ्यासाठी एक’ या दोन शब्दांत. वकिलाने डिझाइनवर पानभर लिहिलं आणि हे शब्द सोडले, याचं मला आश्चर्य वाटतं, पण पुढच्या पत्रात ते येतील असं धरून चला. मोबदला म्हणून तुम्ही बेअरिंगं साफ केलीत, म्हणजे ही नुसती मेहेरबानी नव्हती, करार होता. आणि त्या कराराचा एक वाजवी अर्थ असा निघतो : एकच, आणि विकायची नाही. दुसरी विकलीत तर करारभंग म्हणता येईल. भरपाई मात्र कलम 73 प्रमाणे त्या भंगातून सरळ उद्भवलेल्या नुकसानीचीच मिळते, आणि तुमच्या प्रतिकृतीमुळे त्यांचं नेमकं काय बुडालं हे सिद्ध करणं त्यांना जड जाईल. तरीही माझं मत स्पष्ट आहे : कायद्याने कदाचित सुटाल, पण वागणं बरोबर नव्हतं. ऑर्डर घेण्याआधी एक फोन करायला हवा होता. आताही करा. ‘तुम्ही दिलेल्या सायकलवरून ही बनली, असं कागदावर लिहितो, आणखी बनवायच्या तर आधी विचारतो’ एवढ्यावर अनेक संग्राहक निवळतात. जमलं तर दोघांच्या सहीचा एक कागद करा. तोवर ते चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

खरा धोका मला गिऱ्हाइकाच्या मागणीत दिसतो. पेटंट मरतं, पण ट्रेडमार्कचं दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून तो कितीही काळ जिवंत ठेवता येतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात वर्ग 12, म्हणजे वाहनं, यात ते नाव तपासा. फ्रेमवर मात्र ते नाव कोणत्याही परिस्थितीत लावू नका. ‘पेडरसन पद्धतीची फ्रेम’ असं बिलात लिहिणं हे वर्णन आहे. तेच नाव जुन्या अक्षरांत नळीवर रंगवणं म्हणजे दुसऱ्याची खूण वापरणं. खोटी खूण किंवा खोटं वर्णन लावण्यासाठी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 103 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आहे. आणि फ्रेम नंबर? मूळ सायकलचा नंबर दुसऱ्या फ्रेमवर ठोकायचं प्रामाणिक कारण मला तरी सुचत नाही. आज गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक आहे. पाच वर्षांनी तो ती तिसऱ्याला ‘मूळ’ म्हणून विकील, फसलेला माणूस पोलिसांत जाईल आणि माग काढत लोक तुमच्या वर्कशॉपपर्यंत येतील. गंज, उडालेला रंग, काळवंडलेलं पितळ हे सगळं खुशाल करा, त्यात गुन्हा नाही. फक्त बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीच्या, खाली तुमचं नाव, तुमचा नंबर आणि बनवल्याचं वर्ष पंच करा. रंगाखाली नव्हे, धातूत.

याचा आणखी एक उपयोग. 1972 च्या पुरावशेष कायद्यात जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरायला निदान शंभर वर्षांची अट आहे आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गिऱ्हाइकाने प्रतिकृती परदेशी पाठवायची म्हटलं, तर कस्टमवाल्यांना ती खरीच जुनी वाटण्याइतकं तुमचं काम चांगलं असू शकतं. तेव्हा ते वर्ष आणि बिल कामी येईल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्रही मिळतं.

शेवटी बिलाकडे या. छंद असला तरी विकलीत की तुम्ही उत्पादक. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादकाची व्याख्या ‘जो बनवतो तो’ इतकी मोकळी आहे. कलम 84 प्रमाणे रचनेतला दोष, बनवण्यातला दोष आणि धोक्याची पुरेशी सूचना न देणं, तिन्ही अंगाशी येतात. बारीक नळ्यांच्या या फ्रेममध्ये एक झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, सुटली की भार शेजारच्या जोडावर जातो. ‘फक्त शोभेसाठी’ असं बिलात लिहून सोबत पेडल, चेन आणि ब्रेक दिलेत तर त्या ओळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. शोभेचीच असेल तर चेन जोडू नका. चालवायची असेल तर वजनाची मर्यादा, झोळीची दोरी किती दिवसांनी बदलायची आणि जोड कधी तपासायचे हे मराठीत एका पानावर लिहा, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. नाव आणि नंबराशिवाय नको असं ते म्हणाले, तर अ‍ॅडव्हान्स बँकेतून परत करा, रोख नको.