मुखदुर्बळ माणूस आणि त्याची अक्कल

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या भागात पंचायत समितीच्या निवडणुकीत एका उमेदवाराबद्दल "माणूस मुखदुर्बळ, तो काय कारभार करणार?" असे सर्रास बोलले गेले. त्यांनी विचारले आहे : ‘मुखदुर्बळ’ या शब्दात बुद्धीने कमी असा अर्थ आहे का? पुढाऱ्याचे वक्तृत्व हे त्याच्या बुद्धीचे माप मानायला आपल्या भाषेत काही आधार सापडतो का? आणि जाता जाता, ‘वाग्मी’ व ‘वाचाळ’ हे दोन्ही शब्द ‘वाच्’पासूनच आलेले असताना एकाने मान वाढते आणि दुसऱ्याने जाते, हे कसे?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. नाही. समास सोडवून पाहा : मुखात दुर्बळ तो मुखदुर्बळ. जसा रणात शूर तो रणशूर. अशा समासात पहिले पद क्षेत्र सांगते आणि त्या क्षेत्रापलीकडचे काहीच सांगत नाही. रणशूर माणूस घरात बायकोसमोर चळाचळा कापत असेल, समासाचे त्याच्याशी देणेघेणे नाही. सरकारी कागदांत ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ असे असते, तेव्हा ते लोक अभ्यासातही दुर्बळ असतील असे कोणी शहाणा म्हणत नाही. मग ‘मुखदुर्बळ’ ऐकल्यावर आपण थेट डोक्यापर्यंत का पोचतो?

त्याला कारण आपली सभा. मराठी माणसाला भाषणाचे वेड जुने. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. (हे नाव न अडखळता उच्चारता आले की पहिली परीक्षा तिथेच पास.) या नावात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : वक्तृत्वाला उत्तेजन देता येते, म्हणजे ते सरावाने वाढते. शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात त्या याच समजुतीने. ‘बुद्ध्युत्तेजक सभा’ काढायचे मात्र कोणाला सुचले नाही.

आता वाग्मी आणि वाचाळ. इथे पाणिनी मदतीला येतो, आणि प्रश्नाचा सगळ्यांत रसाळ भाग हाच आहे. अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात लागोपाठ दोन सूत्रे आहेत. १२४वे ‘वाचो ग्मिनिः’. ‘वाच्’ला ‘ग्मिनि’ प्रत्यय लावला की वाग्मी, म्हणजे ज्याच्यापाशी वाणी आहे तो. लगेच पुढचे १२५वे ‘आलजाटचौ बहुभाषिणि’. पुष्कळ बोलणारा असा अर्थ असेल तर आलच् आणि आटच् हे प्रत्यय लागतात आणि वाचाल, वाचाट हे शब्द होतात. आपला वाचाळ तो हाच, ‘ल’चा ‘ळ’ होऊन आलेला.

सूत्र तसेच वाचले तर पुष्कळ बोलणारा कोणीही वाचाळ ठरेल. मग तासभर उत्तम बोलणाऱ्याचे काय करायचे? परंपरेने इथे दुरुस्ती सुचवली : ‘कुत्सित इति वक्तव्यम्’. निंदा करायची असेल तरच हे प्रत्यय. आणि काशिका या टीकेत त्याचा खुलासा एका वाक्यात दिला आहे : ‘यो हि सम्यग् बहु भाषते वाग्मीत्येव स भवति’. जो पुष्कळ बोलतो पण नीट बोलतो, त्याला वाग्मीच म्हणावे. म्हणजे वैयाकरणांनी रेघ ओढली ती कमी बोलणे आणि जास्त बोलणे यांच्यात नव्हे, तर ‘सम्यक्’ या एका शब्दावर. किती बोलला हे मोजू नका, काय बोलला ते बघा.

कोणी म्हणेल, मग ‘मूकं करोति वाचालं’ या श्लोकात देव मुक्याला बडबड्या करतो की काय? तिथे अर्थातच निंदा नाही, नुसते बोलते करणे आहे. व्याकरणाने घातलेले कुंपण कवीने ओलांडले, आणि श्लोक घरोघर म्हटला जात असल्याने कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. मराठीत मात्र वाचाळ शब्दाचा निंदार्थ पक्का झाला आहे. एखाद्या आमदाराला कौतुकाने वाचाळ म्हणून बघा.

मराठीने या क्षेत्रात जो शब्दांचा बाजार मांडला आहे तो नीट पाहिला तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निम्मे मिळते. सभाधीट : यात धीटपणा आहे, बुद्धी नाही. चारशे माणसांपुढे पाय लटपटत नाहीत एवढीच त्याची ग्वाही. फर्डा : यात ओघ आहे. फर्डे इंग्रजी बोलणारा काय बोलतो ते कळायला तुम्हाला थोडे थांबावे लागते. बोलघेवडा, तोंडाळ, वाचिवीर, तोंडपाटीलकी करणारा, हे सगळे तोंडाच्या बाजूचे आणि सगळे निंदेचे. उलट हजरजबाबी, समयसूचक, धोरणी, मुत्सद्दी हे डोक्याच्या बाजूचे. दोन्ही बाजूंना पाय असलेला शब्द शोधू गेले तर हजरजबाबी हाच काय तो हाती लागतो, कारण उत्तर पाठ करून येता येत नाही. गप्प माणसासाठीही भाषेने एकच शब्द ठेवलेला नाही. मितभाषी तो, जो मोजके बोलतो. घुमा तो, जो बोलतच नाही. आतल्या गाठीचा तो, जो मुद्दाम बोलत नाही. आणि मुखदुर्बळ तो, ज्याला बोलायचे असते पण तोंडातून फुटत नाही. त्या उमेदवाराला यांतले नेमके कोणते लागू पडते, हे ‘काय कारभार करणार’ म्हणणाऱ्यांनी आधी ठरवावे.

सुभाषितांतला आधार मात्र दुहेरी आहे. ‘शतेषु जायते शूरः सहस्रेषु च पण्डितः, वक्ता दशसहस्रेषु’ असे म्हणणाऱ्याने वक्त्याला पंडिताच्या दसपट दुर्मीळ ठरवले. वक्तृत्वाच्या चाहत्यांचा हा आवडता श्लोक. पण त्यात पंडित आणि वक्ता यांची गणती वेगवेगळी केली आहे, हे सूत्रसंचालक सांगत नाहीत. दुसऱ्या बाजूला ‘तावच्च शोभते मूर्खो यावत्किञ्चिन्न भाषते’ : तोंड उघडेपर्यंत मूर्खही शोभतो. हे खरे आहे, फक्त ते उलटे फिरवता येत नाही. बोलण्याने मूर्खपणा उघडा पडतो म्हणून न बोलणारा प्रत्येक जण मूर्खपणा झाकत असतो, असे काही सिद्ध होत नाही.

मुंबईच्या कोर्टातले दोन प्रसंग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला चालवायला उभे राहिले. फी ३० रुपये. उलटतपासणीला उठले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, अशिलाच्या माणसाला फी परत केली आणि दुसरा वकील लावायला सांगितले. याला मुखदुर्बळ नाही म्हणायचे तर कोणाला म्हणायचे? लंडनमध्येही त्यांचे असेच झाले होते, लिहून नेलेले भाषणसुद्धा वाचवेना. हा सगळा फजितीचा पाढा आत्मकथेत त्यांनी स्वतःच वाचला आहे आणि या बुजरेपणाने आपल्याला शब्द मोजून वापरायला शिकवले असेही म्हटले आहे. पुढेही ते फर्डे वक्ते झाले नाहीत. आवाज बारीक, वाक्ये छोटी, हातवारे नाहीत. तरी फेब्रुवारी १९१६मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात ते असे काही बोलले, की ॲनी बेझंट मध्ये पडल्या आणि व्यासपीठावरचे राजेमहाराजे उठून गेले.

दुसरा प्रसंग १९०८ सालचा, हायकोर्टातला. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि अनेक दिवस मिळून २१ तासांहून अधिक वेळ ज्यूरीपुढे बोलले. टिळकांच्या बोलण्यात अलंकार नव्हते. होते ते कलम, शब्दाचा अर्थ, भाषांतरातली चूक आणि पुन्हा कलम. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवण्याचा कौल दिला आणि न्यायमूर्ती दावरसाहेबांनी सहा वर्षे ठोठावली, तो भाग निराळा. आता या दोन प्रसंगांवरून टिळकांची बुद्धी गांधींपेक्षा किती पट, असे गणित कोणी मांडील काय? दिसतो तो फक्त एवढा फरक, की एकाचे तोंड कोर्टात चालले आणि दुसऱ्याचे त्या दिवशी चालले नाही.

वाग्मी म्हणावा असा पुढारी मराठीत कोण, असे विचारले तर मी गोखल्यांचे नाव घेईन. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर ते बोलले. सरकार शिलकीचा डांगोरा पिटत होते. गोखल्यांनी दाखवले, की ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत असल्याची ती खूण आहे, आणि मिठावरचा कर आधी कमी करा. आवाज चढवला नाही, टाळीचे वाक्य नाही, आकड्यामागून आकडे. काशिकेतले ‘सम्यग् बहु भाषते’ म्हणतात ते हे.

पण याच गोखल्यांच्या मागे एक माणूस उभा आहे. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरच्या हायस्कूलचे हेडमास्तर. (सार्वजनिक काका ते गणेश वासुदेव जोशी. दोघांची गल्लत नेहमी होते.) हिंदुस्थानच्या अर्थकारणाचे आकडे या हेडमास्तरांना तोंडपाठ. १८९७मध्ये गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले, त्याची तयारी रानडे आणि जोशी यांनी करून घेतली होती, आणि अर्थसंकल्पावरच्या भाषणांसाठीही गोखले जोशींकडून मदत घेत. गोखले हे लपवत नसत. भाषण ऐकून आपण बुद्धीला दाद देतो तेव्हा ती बुद्धी व्यासपीठावर कितपत असते आणि पहिल्या रांगेच्याही मागे कुठे तरी किती बसलेली असते, हे टाळ्या वाजवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. गोखल्यांच्या बुद्धीला यामुळे उणेपणा येत नाही. कोणाचे आकडे घ्यावेत हे कळणे ही लहानसहान अक्कल नव्हे. आता तर भाषण लिहून देणारे पगारी असतात आणि समोरच्या काचेवर ओळी सरकत असतात.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर. पत्रकार परिषदेत त्यांची वाक्ये इतकी भरकटत की पत्रकार त्यांची टर उडवत. मार्च १९५५मध्ये तैवानच्या ताब्यातल्या क्वेमॉय आणि मात्सू बेटांवरून चीनशी तणाव होता. अणुबाँबच्या प्रश्नावर काही बोलू नये अशी परराष्ट्र खात्याची विनवणी होती. तेव्हा हा गडी आपल्या प्रसिद्धी सचिवाला म्हणाला, की काळजी करू नकोस, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळवून टाकतो. आणि तसे केलेही. वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात ते हेच. हाच माणूस लष्करात असताना जनरल मॅकआर्थरला भाषणे लिहून देत असे. म्हणजे मॅकआर्थरच्या वक्तृत्वाला लोक मान डोलवत, त्यातली काही वाक्ये या ‘अडखळणाऱ्या’ माणसाची होती.

आणि आपल्याकडचे नरसिंह राव? अनेक भाषा येणारे, ह. ना. आपट्यांची कादंबरी मराठीतून तेलुगूत नेणारे, १९८४ आणि १९८९मध्ये आपल्या रामटेकमधून लोकसभेवर गेलेले. भाषा एवढ्या येऊनही ते बोलत नाहीत अशी त्यांची थट्टा होई. त्यांना मुखदुर्बळ म्हणणे शुद्ध चूक, ते आतल्या गाठीचे होते. त्यांनी अर्थमंत्री केले ते मनमोहन सिंग, खालच्या पट्टीत कागदावरून वाचणारे. २४ जुलै १९९१ चा अर्थसंकल्प त्याच आवाजात वाचला गेला. २०१२च्या ऑगस्टमध्ये कोळसा खाणींवरून गदारोळ झाला तेव्हा पंतप्रधान सिंगांनी ‘हजारों जवाबों से अच्छी है मेरी खामोशी’ हा शेर ऐकवला. शेर बरा होता, वेळ मात्र चुकली. लोकांना तेव्हा जबाब हवा होता. इथे मला मुखदुर्बळांची वकिली थांबवावीशी वाटते. लोकशाहीत निर्णय समजावून सांगणे हाही कामाचा भाग आहे. ते जमत नसेल तर ती पुढाऱ्याची उणीवच, फक्त तिचे नाव मंदबुद्धी नव्हे. ‘बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत’ या म्हणीतसुद्धा दोष विक्रीचा आहे, गव्हाचा नाही.

राहिले वापराचे. ‘मुखदुर्बळ’ हे विशेषण लिंगवचनाने बदलत नाही : मुखदुर्बळ बाई, मुखदुर्बळ कार्यकर्ते. भाववाचक नाम करायचे तर मुखदुर्बळता किंवा मुखदुर्बळपणा, दोन्ही चालतात. बोलण्यात ‘तोंडाने दुबळा’ अधिक सहज वाटते. ‘वाग्मी’ची संस्कृतात दोन गकारांची ‘वाग्ग्मी’ ही मूळची जोडणी, मराठीत एक ग पुरे. शब्द आता मानपत्रांत आणि श्रद्धांजलीच्या अग्रलेखांतच उरला आहे, जिवंत माणसाला तो फारसा कोणी लावत नाही. आणि तुमच्या त्या उमेदवाराबद्दल विरोधकांना अक्कलच काढायची असेल, तर त्यासाठी मराठीत ‘मठ्ठ’, ‘बिनडोक’, ‘अकलेचा खंदक’ असे भरभक्कम शब्द आहेत. ते वापरावेत आणि पुरावा द्यावा. मुखदुर्बळ म्हणून भागणार नाही.