गव्हाच्या वावरात सशाची दोन पिल्लं सापडली, आई दिसत नाही. घरी आणली आहेत, काय पाजू?

दादा, काहीच पाजू नका. दूध नाही, साखरपाणी नाही, ड्रॉपरने नुसतं पाणीसुद्धा नाही. आज दिवस मावळता मावळता दोन्ही पिल्लं जिथून उचलली तिथेच नेऊन ठेवा.

तुम्ही लिहिलंय की शिरपूरकडे गहू काढताना सकाळी ती दिसली, डोळे उघडे, अंगावर केस, कुठे जखम नाही. मोठा ससा जवळपास नव्हता आणि कुत्री फाडतील म्हणून घरी आणली. मायेपोटीच आणलीत, मीही एकदा तेच केलं होतं. पण ही पिल्लं पोरकी नाहीत. रानसशाची मादी दिवसा पिल्लांजवळ थांबतच नाही. तिच्या अंगाला वास असतो, ती जवळ बसली तर कोल्हा-कुत्रा त्या वासावर पिल्लांपर्यंत पोचेल. पिल्लांना मात्र फारसा वास नसतो. ती मातीच्या रंगाची, दबून, जराही न हलता बसून राहतात आणि तेच त्यांचं संरक्षण. आई अंधार पडल्यावर येते, काही मिनिटांत पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट, चरबीचं असतं की तेवढ्यावर पिल्लू पुढची रात्र येईपर्यंत निभावतं.

आणखी एक गैरसमज आधी दूर करते. जत्रेत, दुकानात मिळतो तो पांढरा ससा वेगळ्या जातीचा, मूळचा युरोपातला. तो बिळात राहतो, त्याची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ खोदत नाही. मादी उघड्यावरच, गवताच्या किंवा पिकाच्या बुडाशी विते आणि पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असलेली असतात. त्यामुळे नेटवर ‘घरट्यावर दोऱ्या आडव्या-उभ्या ठेवा, सकाळी हलल्यात का बघा’ असा जो सल्ला सापडतो तो अमेरिकेतल्या छोट्या सशांसाठी आहे, जे खड्ड्यात केस-गवताचं घरटं करतात. आपल्याकडे घरटंच नसतं, तर दोऱ्या कशावर ठेवणार? पिल्लं दिवसा एकमेकांपासून लांब लांब बसतात. तुम्हाला दोन दिसली म्हणजे तिसरं तिथेच कुठेतरी असू शकतं, म्हणून जाताना पायाखाली बघून चाला.

माझं वावर अमळनेर तालुक्यात. पंधराएक वर्षांपूर्वी हरभरा उपटताना बायांना एक पिल्लू सापडलं. कपाळावर पांढरा ठिपका, ओंजळीत मावेल एवढं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, हटून बसला. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, बांधावरूनच म्हणाले, “त्यानी माय रातले येस. ठेव तठेच.” मी ऐकलं नाही. घरी आणून गाईचं दूध पाणी घालून कोमट केलं आणि कापसाच्या वातीने पाजलं. ते चटचट चोखायला लागलं तेव्हा किती बरं वाटलं होतं! दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं तट्ट फुगलं, शेपटीखालचे केस पातळ शीने चिकटले. तिसऱ्या दिवशी पहाटे टोपलीत आडवं पडलेलं, गार. गाई-म्हशीचं दूध त्यांच्या कोवळ्या आतड्याला झेपत नाही. आणि उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं, ते वेगळंच. मुलाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, अजूनही तो ती टोपली विसरलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी गव्हात पुन्हा दोन सापडली. या वेळी दुपारीच सगळ्यांना लांब केलं, कापणी त्या कोपऱ्यात थांबवली. दिवस मावळताना मी आणि सालदार निंबाखाली बसलो, शंभरेक पावलांवर. चांगलं अंधारून आलं तेव्हा मादी आली. सरळ आली नाही. थांबली, कान उभे केले, बाजूला एक लांब उडी मारली, पुन्हा थांबली. मग दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पिल्लं आपणहून तिच्याकडे धावली आणि ती बसल्या जागी ताठ राहिली, दोघं पोटाखाली घुसली. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. सकाळी पाटचारीच्या ओल्या मातीत तिचे ठसे होते: पुढचे दोन पाय एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागचे दोन लांबट पाय शेजारी शेजारी.

तुम्हालाही खात्री करायची असेल तर ठेवलेल्या जागेभोवतीची माती हाताने भुसभुशीत सपाट करून ठेवा आणि सकाळी लांबून ठसे बघा. पिल्लं जागेवर नसली तर घाबरू नका, ती स्वतःच सरकतात.

माणसाचा हात लागला की आई घेत नाही, असं तुमच्या घरात कुणीतरी म्हणणारच. एवढ्याने ती टाकत नाही. तरी उगाच हाताळू नका, मुलांच्या हाती देऊ नका. भीतीनेच ही पिल्लं अर्धी होतात. नेताना खोक्यात तिथलंच गवत-काड घाला आणि झाकून न्या. तोवर खोका सावलीत, शांत खोलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, आपल्याकडच्या उन्हात तिथे भट्टी होते. जागा कापून मोकळी झाली असेल तर दहा-पंधरा पावलांच्या आत बांधाच्या गवतात किंवा न कापलेल्या पट्ट्यात ठेवा, दोघांत थोडं अंतर ठेवून. कुत्री रात्रभर बांधून ठेवा. आणि एक रात्र घरात गेली असली तरी नेऊन ठेवायला उशीर झाला असं समजू नका, आई पुन्हा शोधायला येते.

फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्याकडे वाघूर (सशाचं जाळं) लावणारे, कुत्री घेऊन फिरणारे आहेत, आणि पिल्लं आहेत म्हणजे मादी तिथेच आहे हे त्यांनाही कळतं.

काही वेळा मात्र परत ठेवून चालत नाही. कुत्र्या-मांजराचे दात लागलेत, पाय लोंबतोय, अंगावर माश्यांची अंडी किंवा अळ्या दिसतात, अंग गार पडून मान टाकलीय, किंवा जवळच मादी मेलेली सापडली, तर १९२६ या वनविभागाच्या टोल फ्री नंबरवर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. ते येईपर्यंत अंधाऱ्या खोक्यात मऊ कापड, आणि अंग गार असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाजूला, एवढंच. मांजराचा दात बारीक वाटतो, पण जखम आत चिघळते, म्हणून ‘खरचटलंय फक्त’ म्हणून सोडू नका. घरी वाढवू असा विचार मनात आला असेल तर तोही सोडा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पाळणं गुन्हा आहे, प्रेमाने पाळला तरीही.

तुमचा अजून एकरभर गहू उभा आहे म्हणता, म्हणून हे शेवटचं. हार्वेस्टर लावायच्या आधी दोघा-तिघांनी काठी हलवत वावरातून एक फेरी मारा. आणि ड्रायव्हरला चारी बाजूंनी गोल गोल कापत आत येऊ देऊ नका. तसं केलं की ससे, तितर, सगळे मधल्या तुकड्यात अडकतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. एका धुऱ्याकडून सुरू करून पडिताच्या किंवा नाल्याच्या बाजूने सरकत न्या, म्हणजे त्यांना पळायला वाट राहते. कोपऱ्यात पाच-सहा हातांचा पट्टा दोन दिवस उशिरा कापलात तर पिल्लांना तेवढीच आडोशाची जागा मिळेल.