उपास सोडावा, तोडू नये

साकोलीकडच्या एका वाचकांनी दोन शंका विचारल्या आहेत. त्यांच्या गावात सोमवारी संध्याकाळी जेवायला बसताना लोक 'उपास तोडला' असे म्हणू लागले आहेत, ते बरोबर आहे काय? आणि शाळेत 'उपास' अशुद्ध ठरवून 'उपवास' असेच लिहायला लावतात, ते तरी बरोबर आहे काय?

दुसरी शंका लवकर मिटते. 'उपवास' हा संस्कृत शब्द आणि 'उपास' हे त्याचे मराठी रूप; ज्या वळणाने 'उपवासी'चे 'उपाशी' झाले, त्याच वळणाचे. 'उपाशी'वर कोणी तांबडी रेघ मारीत नाही. 'तोडणे' मात्र हिंदीची उसनवारी आहे आणि ती दर श्रावणात माझ्या कानाला टोचते. मराठीत नेम पुरा झाला की उपास सुटतो, आणि शेंगदाण्यांऐवजी चुकून फुटाणे तोंडात गेले की तो मोडतो. सोडण्याची चाल तर फार जुनी आहे: वैदिक यजमान 'व्रतं चरिष्यामि' म्हणून व्रत घेई आणि यज्ञ आटोपल्यावर 'व्रतमचारिषम्' म्हणून त्याचे विसर्जन करी.

याहून मोठा घोळ 'उपास' आणि 'उपासना' यांचा आहे. ही दोन्ही एकाच कुळातली असे प्रवचनांतून ठासून सांगितले जाते, ते साफ चूक आहे. उपासनेत 'आस्' म्हणजे बसणे हा धातू आहे, तर उपवासात 'वस्' म्हणजे राहणे. एवढे मान्य करणारे विद्वानही पुढे 'देवाजवळ राहणे तो उपवास' असे सांगतात, किंवा निबंधग्रंथांतला, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांतला, 'उपावृत्तस्य पापेभ्यो' हा श्लोक पुढे करून, पापांपासून परतून गुणांच्या संगतीत राहणे असा अर्थ काढतात. श्लोक उत्तम आहे, परंतु उपदेशाला व्युत्पत्ती म्हणण्याची ही खोड आता पुरे झाली.

खरी गंमत शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या अगदी आरंभी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीच्या, म्हणजे यज्ञाच्या, आदल्या दिवसाला तिथे 'उपवसथ' म्हटले आहे. यजमान उद्या यज्ञ करणार हे देवांना कळते आणि सगळे देव आदल्या दिवशीच त्याच्या घरी मुक्कामाला येतात: 'तेऽस्य गृहेषूपवसन्ति स उपवसथः'. पाहुणे जेवायचे असताना घरधन्याने आधी जेवणे माणसांच्या बाबतीतही शोभत नाही, मग देवांच्या बाबतीत ते कसे शोभावे? म्हणून तो जेवत नाही. थोडक्यात, वस्तीला देव येतात, भक्त कुठेही जात नाही. याच 'उपवसथा'चे पालीत 'उपोसथ' झाले, आणि विदर्भातल्या विहारांत पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्धांचे आठ नियम, घेऊन दुपारनंतर अन्न न घेणारे लोक तो शब्द आजही वापरतात. जैनांचा 'पोसह' आणि सिंहलींचा 'पोय' हेही त्याच घरचे. हे सगळे तिथीवर चालणारे आहे. वार आपल्याकडे बरेच नंतर आले आणि कोरीव लेखात वाराचा जुना उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातल्या एरणच्या इ. स. 484 च्या लेखात, तोही गुरुवारचा. तेव्हा सोमवारचा उपास वैदिक आहे असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

पण अगदीच न खाण्यावर त्याच शतपथ ब्राह्मणात याज्ञवल्क्य ऋषींचा आक्षेप आहे. जे खाल्ले तरी न खाल्ल्यासारखे होते, म्हणजे ज्याचे हवि (यज्ञातली आहुती) देवांना देत नाहीत, ते खावे, असे त्यांचे मत: रानातल्या वनस्पती किंवा झाडांची फळे. बर्कु वार्ष्ण नावाच्या आचार्यांनी यात पळवाट काढून 'मला उडीद शिजवा, उडदाचे हवि होत नाही' असे म्हटले, ते ग्रंथकाराने तिथल्या तिथे अमान्य केले. माझे मत असे की, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाण्याचा नेम आणि उपासाची आपली निवड यांचे मूळ याच संवादात आहे. 'फराळ' हा शब्दही 'फलाहारा'चाच. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतून ढीवर डोंग्यात बसून शिंगाडे काढतात आणि उकडून काळे पडलेले ते शिंगाडे बाजारात येतात. त्यांना नांगर कधी लागलेला नसतो. भगर आज पेरली जाते हे मला ठाऊक आहे, पण तिला ऋषिधान्यांत, म्हणजे न नांगरता आलेल्या ऋषींच्या अन्नात, गणणारी परंपरा पेरणीच्या हिशेबाने चालत नाही.

साबुदाण्याच्या उसळीला मात्र या उपपत्तीत कुठेच जागा करता येत नाही. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे याज्ञवल्क्यांपुढे तो प्रश्न आलाच नाही. बर्कु वार्ष्णांनी तिला आनंदाने संमती दिली असती.