डायोड लेझर कटरवर पेन लावून रेखाटनं काढता येतील का, की वेगळा प्लॉटरच घ्यावा?

हो, काढता येतात, आणि चांगली येतात. जीआरबीएलवर (यंत्राच्या मोटर चालवणारं कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) चालणारा उघड्या फ्रेमचा डायोड लेझर असेल तर एक्स-वाय यंत्र तुमच्याकडे तयारच आहे; हवी ती फक्त पेन उचलायची सोय. पण "पेन हेडला घट्ट आवळा, टेबल लेव्हलमध्ये घ्या, झालं काम" हा सल्ला जिथे तिथे मिळतो, तो ऐकू नका. यावरून मी पुष्कळांशी वाद घातलाय आणि अजूनही माझं मत तेच आहे.

ही फ्रेम चार पायांवर उभी असते. टेबल आणि रेल पूर्ण समांतर मिळणं अवघड. ४०० मिमीत एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज निघतो. लेझरच्या फोकसला तो बहुतेक वेळा खपतो, पेनाला नाही. आवळलेलं पेन एका कोपऱ्यात निब चेपतं आणि समोरच्या कोपऱ्यात हवेत चालतं. स्प्रिंगने दाबणं हा अर्धवट उपाय आहे, कारण उंची बदलली की स्प्रिंगचा दाब बदलतो. वजनाचा बदलत नाही. म्हणून सर्व्होने (हात ठरावीक कोनात फिरवणारी छोटी मोटर) पेन फक्त उचलायचं, दाबायचं नाही. पेन स्वतःच्या वजनानेच पडलं पाहिजे.

होल्डर त्याच लेझरवर ३ मिमी एमडीएफमधून कापा. एकावर एक दोन पट्ट्या, मध्ये ४० मिमी अंतर, भोक पेनाच्या व्यासापेक्षा ०.२ मिमी मोठं. कमी ठेवलं तर पेन अडकतं. जास्त ठेवलं तर टोक हलतं आणि वर्तुळाचा शेवट सुरुवातीला मिळत नाही. पेनावर एक कॉलर बसवा आणि एसजी९० सर्व्होचा हात तिच्याखाली येऊ द्या. पेन ३-४ मिमी उचललं की पुरे. खाली जाताना हात कॉलरपासून २ मिमी तरी सुटलाच पाहिजे, नाहीतर पेन हातावरच टेकून राहतं.

आता वायरिंग. लेझरच्या पीडब्ल्यूएम वायरवर (लेझरची ताकद ठरवणारा चालू-बंद सिग्नल) सर्व्हो थेट लावू नका. जीआरबीएलची फ्रिक्वेन्सी साधारण १ किलोहर्ट्झ असते, सर्व्होला ५० हर्ट्झ लागतात; तो नुसता गुणगुणतो आणि तापतो. मध्ये आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) टाका. जीआरबीएलच्या सेटिंगमधल्या डॉलर ३० ची ($30, म्हणजे ताकदीच्या एस आकड्याची कमाल) किंमत १००० असेल तर एस१००० ला सिग्नल सलग चालू राहतो आणि एस० ला बंद. नॅनोने तेवढंच वाचून पेन खाली-वर करायचं. जोडण्याआधी मीटर लावून वायर ओळखा. त्याच प्लगमधले १२ किंवा २४ व्होल्ट चुकून पिनवर गेले की नॅनो गेला. सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सामाईक ग्राउंड द्या. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवलात तर सर्व्हो झटका घेतो तेव्हा बोर्ड रीसेट होऊ शकतो आणि अर्धं चित्र वाया जातं.

डॉलर ३२, म्हणजे लेझर मोडचं सेटिंग, शून्य करा. लेझर मोड चालू असेल तर एम३ ला (सिग्नल चालू करायची आज्ञा) यंत्र थांबत नाही. मिनिटाला २००० मिमी वेगाने ०.१५ सेकंदात हेड ५ मिमी पुढे जातं. तेवढी रेघ सुरुवातीला गायब होते आणि शेवटी शेपूट उरतं. दर रेघेला "एम३ एस१०००, जी४ पी०.१५" आणि शेवटी "एम५, जी४ पी०.१५" हवं (एम५ म्हणजे सिग्नल बंद, जी४ म्हणजे तेवढे सेकंद थांबणं). लाइटबर्न या लेझर सॉफ्टवेअरचा नेहमीचा जीकोड (यंत्राला दिलेल्या आज्ञांची यादी) इथे चालत नाही, कारण तो ओळीत नुसता एस बदलत जातो, थांबत नाही. इंकस्केपमधून एसव्हीजी काढा आणि व्हीपाइपला (प्लॉटरच्या रेघांवर काम करणारं सॉफ्टवेअर) जीकोड प्लगइन लावून स्वतःचा प्रोफाइल लिहा. आधी त्यातल्या लाइनमर्ज (रेघा जोडणं) आणि लाइनसॉर्ट (रेघांचा क्रम लावणं) या आज्ञा चालवा, पेन उचलण्याचे फेरे खूप कमी होतात.

जेल पेन आणि ०.३ चा फाइनलायनर उभे धरूनही नीट चालतात. बॉलपेनला वजन लागतं. वर दोन-तीन नट टेपने चिकटवा. वेग २००० पासून सुरू करा. कोपऱ्यात रेघ थरथरली तर वेगाला हात लावू नका, डॉलर १२० आणि १२१ (एक्स आणि वायचं त्वरण) कमी करा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: पेन लावलेलं असताना लेझरचा प्लग काढलेलाच हवा. सिग्नल लेझर आणि नॅनो दोघांना वाटून देऊ नका. डॉलर ३२ शून्य असताना एम३ एस१००० म्हणजे एका जागी थांबून पूर्ण ताकदीचा लेझर, आणि खाली कागद.

हे सगळं जीआरबीएलचं आहे. के४० सारख्या सीओ२ यंत्राचा मूळ बोर्ड जीकोड घेत नाही, त्याला आधी कंट्रोलर बदलावा लागेल. आणि पत्रिकांवर देवनागरी नावं लिहायची असतील तर साध्या फाँटमधून अक्षराची बाह्यरेषा येते, म्हणजे दुहेरी रेघ. इंकस्केपच्या एकेरी रेघेच्या हर्शी फाँटमध्ये देवनागरी नाही. एकेरी रेघेची अक्षरं तुम्हालाच काढावी लागतील.