घरचा संगणक : न वाचता ‘ओके’ दाबू नका

या वेळची पत्रं बेळगाव शहर, येळ्ळूर, खानापूर आणि निपाणी भागातून आली आहेत. जागेसाठी ती थोडी आखडून घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, कारण फसवणुकीची गोष्ट गावभर झाली की तो माणूस पुढच्या वेळी कुणाला सांगायलाच जात नाही, आणि चोरांना नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न : शेताचा उतारा बघायचा म्हणून मिस्टरांनी संगणकावर शोधलं आणि सगळ्यात वरची ओळ दाबली. एकदम पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, बाईच्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी सुरू झालं. खाली फोन नंबर होता. घाबरून आम्ही तो लावला. हिंदी बोलणारा माणूस होता, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणाला. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, मग बाण आपोआप फिरायला लागला. लाल खुणांची मोठी यादी दाखवून ‘बघा, इतके व्हायरस’ म्हणाला आणि साडेआठ हजार मागितले. तेवढ्यात दीर आले, त्यांनी वायरच काढली. पैसे गेले नाहीत. आता संगणक लावायचा की नाही? – एक गृहिणी, येळ्ळूर

उत्तर : वहिनी, दिरांनी वायर काढली ते फार चांगलं केलं. संगणक लावायचाय, पण थोड्या क्रमाने. त्याआधी घडलं काय ते सांगते, म्हणजे भीती जाईल.

तो लाल पडदा म्हणजे व्हायरस नव्हता. ते इंटरनेटवरचं एक पान होतं, पडदाभर पसरवलेलं आणि आवाज जोडलेलं. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या ओळींमध्ये पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात, आणि त्यांतून अशा पानांवर नेलं जातं. उताऱ्यासाठी कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या संकेतस्थळाचा पत्ता एकदा नीट बघून ब्राउझरमध्ये साठवून ठेवा, दर वेळी शोधायला जाऊ नका. आणि एक गोष्ट कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

आता ती लाल यादी. तिचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. ती विंडोजमध्ये पहिल्यापासून असते, त्या माणसाने आणलेली नाही. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर तुटलं, असं जे जे घडतं त्याची नोंद तिथे होते आणि पुष्कळ नोंदींपुढे लाल किंवा पिवळी खूण येते. माझ्या दुकानात कोरा लॅपटॉप खोक्यातून काढून थोडे दिवस वापरला, तरी तिथे लाल खुणा दिसतात. त्यांचा व्हायरसशी संबंध नसतो. पण आधीच भोंग्याने घाबरलेल्या माणसाला ती यादी दाखवली की पुढचं सगळं खरं वाटतं. तुम्ही भोळ्या होतात म्हणून हे झालं नाही. बँकेत नोकरी केलेली माणसंही यात सापडतात.

खरा धोका त्या ॲपचा. दुरून संगणक चालवायची ही ॲप्स मुळात वाईट नसतात. मी स्वतः लांबच्या गिऱ्हाइकांची कामं त्यांवरून करते. पण ॲप उघडल्यावर दिसणारा आकडा ज्याला सांगितला, त्याच्या हातात तुमचा सगळा संगणक गेला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच ॲनीडेस्क या असल्याच ॲपचं नाव घेऊन बँकांना याबद्दल सावध केलं होतं.

आधी राउटर बंद करा, मग संगणक लावा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून घ्या आणि त्या दिवशी आलेलं जे काही दिसेल ते काढून टाका. त्यानंतर नेट जोडून विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरसच्या भागात स्कॅनचे प्रकार असतात, त्यांतला डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज पूर्ण उघडायच्या आधीच तपासणी होईल, त्यामुळे लपून बसलेलंही सापडायची शक्यता वाढते. पाव तास लागतो, मध्ये बटण दाबू नका. पासवर्ड मात्र त्या संगणकावरून बदलू नका, फोनवरून बदला. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक ईमेलवरच येतात. तेव्हा नेटबँकिंग उघडं होतं किंवा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले होते, तर शाखेत जाऊन सांगा. आणि तो माणूस आत बराच वेळ फिरत होता असं वाटत असेल, तर मी विंडोज नव्याने टाकायलाच सांगेन. फोटो आणि कागदपत्रं तेवढी आधी काढून घ्या.

पुन्हा असा पडदा आला तर एस्केपचं बटण दाबून धरा. नाही गेला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातून ब्राउझर बंद करा. परत उघडताना ‘आधीची पानं आणू का’ असं विचारलं तर नको म्हणा. यातलं काहीच जमलं नाही, तर पॉवरचं बटण दाबून धरून सरळ बंद करा, संगणक बिघडत नाही.

अजून एक, वहिनी. तुमचा नंबर आता त्यांच्याकडे आहे, त्यामुळे फोन पुन्हा येईल. कधी ‘पैसे परत देतो’ म्हणून, कधी पोलीस किंवा सीबीआयचं नाव घेऊन. व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसवून ठेवायचं आणि त्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणायचं, असला प्रकार आपल्या कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. तरी मार्च २०२५ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात अशा छळापायी एका वृद्ध जोडप्याने जीव दिला. ती बातमी वाचल्यापासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाला हे सांगते : फोन ठेवा, आणि ठेवल्यावर घरातल्या कुणालातरी लगेच सांगा.

पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर तत्काळ लावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. लवकर कळवलं तर मध्येच कुठेतरी अडवता येतात. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणंही आहे. कन्नडमध्ये नीट सांगता येणार नाही म्हणून घरी बसून राहू नका. हिंदीत सांगा, नाहीतर कन्नड येणारं शेजारचं कुणी बरोबर न्या. पण त्याच दिवशी जा.

प्रश्न : मला कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी जेमतेम. लाईट बिल, गृहलक्ष्मी असलं काय काय कन्नडमधून फोनवर येतं. संगणकावर इंग्रजी चौकटी येतात. मी आपलं ओके दाबते. मुलगा पुण्याला, दर वेळी विचारायचं तरी कुणाला? – एक आजी, अनगोळ

उत्तर : आजी, आपल्या भागातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि संगणकाच्या पुस्तकांत ती कुठेच सापडत नाही. सरकारी मजकूर कन्नडमध्ये, यंत्राचा इंग्रजीत, घरात बोलणं मराठीत. ‘असेल काहीतरी’ म्हणून बटण दाबायची सवय त्यातूनच लागते. व्हायरसला आत यायला बहुतेक वेळा तेवढं एक बटण पुरतं.

संगणकाला मराठी करून घ्या. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा असा भाग आहे, तिथे मराठी जोडता येते. मग या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का, हा प्रश्न तुम्हाला मराठीत वाचायला मिळेल. काही लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ विंडोज असतं, तिथे भाषा बदलायला अडचण येते. आधी दुकानदाराला बघायला सांगा. मुलगा सुट्टीत आला की त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्या. तुमच्यासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचं वेगळं खातं काढायला लावा आणि ॲडमिनचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड त्याच्याकडेच ठेवू द्या. मग चुकून ओके दाबलं तरी मोठे बदल करायला यंत्र पासवर्ड मागेल आणि तिथेच थांबेल.

कन्नड मेसेजसाठी फोनमधलं गूगल ट्रान्सलेट वापरा. मजकूर त्यात टाकला की मराठी होतो, कागदावर कॅमेरा धरूनही होतो. भाषांतर ओबडधोबड येतं, पण पैसे मागतोय की माहिती देतोय एवढं कळतं. ‘आज रात्री वीज तोडणार’ म्हणून व्हॉट्सॲपवर ॲपची फाईल आली, नावाच्या शेवटी एपीके असं दिसलं, तर ती उघडूच नका. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल भरायला अशा फाईलची गरज पडत नाही. पीएम-किसानच्या आणि गाडीच्या दंडाच्या नावाने येणाऱ्या फाईलींचंही तेच.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज १० आहे. चालतो उत्तम. दुकानदार म्हणतो, आता बाद झाला, नवा घ्या. खरं का? – निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, अर्धं खरं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या फटी बुजवल्या जात नाहीत. फटी न बुजवता ठेवल्या तर काय होतं ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या.

घरगुती वापरणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट्स ठेवली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्ज त्या खात्याशी जोडली तर ती फुकट मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्यात बसत नसेल आणि काम वाचन, पत्रं, ईमेल एवढंच असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घाला. फुकट आहे, जुन्या यंत्रावर छान चालतं. धडधाकट यंत्र भंगारात द्यायला माझं मन होत नाही.

प्रश्न : लग्नपत्रिकेचं काम पेनड्राईव्हवर झेरॉक्सवाल्याकडे नेलं होतं. घरी आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. गिऱ्हाईक दारात उभं आहे! – डीटीपी चालक, बेळगाव

उत्तर : फॉरमॅट करू नका, काम बहुतेक आतच आहे. या व्हायरसने तुमचे फोल्डर लपवले आणि त्याच नावाचे शॉर्टकट बाहेर ठेवले. त्यांवर क्लिक केलं की व्हायरस चालतो, म्हणून एकावरही क्लिक करू नका. लिनक्सच्या संगणकावर पेनड्राईव्ह लावला की विंडोजमध्ये लपवलेले फोल्डर सरळ दिसतात. तिथून काम उतरवून घ्या, मगच फॉरमॅट करा. शॉर्टकट दाबून झाले असतील तर घरचा संगणकही स्कॅन करायला हवा. पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्याला पीडीएफ मेल करा.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीचे हिशेब घरी करतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर मित्राने क्रॅक करून दिलं. ते टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितलं. चालेल ना? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, चालणार नाही. पहारेकऱ्याला बाहेर पाठवल्यावर आत काय येतं ते तुम्हाला दिसतच नाही, आणि घरगुती संगणकांवर फाईली कुलूपबंद करणारे व्हायरस क्रॅकमधून मोठ्या प्रमाणावर आलेले आहेत. ते सॉफ्टवेअर आजच काढा, डिफेंडर सुरू करा, पूर्ण स्कॅन करा. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. आधीच फाईली उघडेनाशा झाल्या असतील तर खंडणी भरायच्या आधी ‘नो मोअर रॅन्सम’चं संकेतस्थळ बघा. युरोपच्या पोलिसांनी २०१६ मध्ये ते इतरांबरोबर सुरू केलं, आणि काही व्हायरसांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

प्रश्न : केबलवाल्याने राउटर बसवला. पासवर्ड ‘ॲडमिन’च आहे. बदलायचा का? – विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : हो, आजच. राउटरच्या खाली पत्ता चिकटवलेला असतो, तो ब्राउझरमध्ये टाका, आत जा आणि ॲडमिनचा पासवर्ड आधी बदला, मग वाय-फायचा. तिथेच फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं बटण असेल तर तेही दाबा. बदललेला पासवर्ड वहीत लिहून ठेवा.