नाताळच्या भेटी: आधी संत्र्याच्या सालींची कँडी कर

नाताळच्या भेटी घरी करायचं पहिलंच वर्ष आहे तुझं, म्हणून दहा प्रकार करायला जाऊ नकोस. एकच कर, पण मनापासून. डिसेंबरात इंदूरला संत्री स्वस्त असतात. एक किलो आण, फोडी घरच्यांना खाऊ घाल आणि साली ठेव.

सालींच्या आतले पांढरे धागे चमच्यानं खरवडून बारीक पट्ट्या काप. दर वेळी नवं पाणी घेऊन तीनदा उकळ. इथे कंटाळा केलास की कडवटपणा राहिलाच म्हणून समज. मग सालींच्या वजनाइतकीच साखर आणि निम्मं पाणी घालून मंद आचेवर ठेव. पट्ट्या काचेसारख्या दिसू लागल्या की उतरव. जाळीवर दोन दिवस सुकव, मग पिठीसाखरेत घोळव. माझी पहिली खेप ओलसर असतानाच बरणीत भरली होती, आठवड्यात बुरशी आली. फार वाईट वाटलं होतं.

खर्च म्हणशील तर तो बरण्यांतच होतो. म्हणून जॅमच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आतापासून धुऊन उन्हात वाळव. झाकणाला जुन्या सुती साडीचा तुकडा बांध. दालचिनी इंदूरच्या सियागंज बाजारातून सुटी घे, एकेक काडी दोऱ्यात अडकव. चिठ्ठी मात्र हातानंच लिही, मराठीत.